कोणापासून लपवायचं?

सोमवार

आजचा वाद ‘एन्क्रिप्टेड’ (डिजिटल किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं केलेलं) या शब्दावरून. एकाचं म्हणणं, मेसेज एन्क्रिप्टेड असतात, कोणालाच वाचता येत नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, मग मी कोणाशी बोलतो ते कंपनीला कसं कळतं? दोघांचंही खरं आहे, आणि वाद मिटत नाही तो त्यामुळेच. ‘कोणापासून?’ हे दोघांनीही विचारलेलं नसतं. खासगी, सुरक्षित, डिलीट, निनावी या सगळ्या शब्दांचं हेच आहे. हा एक प्रश्न लावला की निम्मी भांडणं सुरू होण्याआधीच संपतील, असं माझं ठाम मत आहे.

ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याआधी एचटीटीपीएस दिसतं तेही एन्क्रिप्शनच, पण ते तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत, म्हणजे सेवा देणाऱ्याच्या संगणकापर्यंत. सर्व्हरवर पोचल्यावर मजकूर उघडा होतो. वाटेतल्या वायफायवाल्यापासून तो लपला, सेवा देणाऱ्यापासून नाही. एंड-टू-एंडमध्ये, म्हणजे एका टोकापासून थेट दुसऱ्या टोकापर्यंतच्या एन्क्रिप्शनमध्ये, किल्ल्या फक्त बोलणाऱ्यांच्या उपकरणांवर असतात. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सिग्नल प्रोटोकॉल ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरून ते सगळ्यांसाठी पूर्ण केलं. टेलिग्रामवर नेहमीच्या गप्पा तशा नसतात. त्यासाठी ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावं लागतं आणि ग्रुपला ती सोय नाही. ‘टेलिग्राम जास्त खासगी’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते कधी सुरूच केलेलं नसतं.

मजकूर लपला तरी कोणी, कोणाला, कधी, किती वेळा हे उरतंच. मेसेज पोचवायचा तर कोणाकडे पोचवायचा हे सर्व्हरला कळावंच लागतं. रात्री उशिरा एकाच डॉक्टरला लागोपाठ केलेले फोन काय सांगतात, ते समजायला संभाषण ऐकावं लागत नाही.

खरी गळती मात्र बॅकअपमध्ये होते. फोनवरच्या गप्पा एंड-टू-एंड, पण त्यांची क्लाउडवरची प्रत आपोआप तशी नसते. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२१ पासून वेगळं बटण दिलंय: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. तिथे स्वतःचा पासवर्ड ठेवता येतो किंवा ६४ अंकी किल्ली घेता येते. किल्ली घेतली तर ती कागदावर लिहून ठेवायची, त्याच फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट म्हणून नाही. फोन गेला आणि किल्लीही गेली, तर कंपनी काही करू शकत नाही. तसं असणं हाच त्या सोयीचा अर्थ. आणि एवढं करूनही समोरच्याने हे बटण चालू केलं नसेल, तर तुमचे मेसेज त्याच्या बॅकअपमध्ये उघडेच पडलेले असतात. हा मुद्दा वादात जवळजवळ कधीच येत नाही.

मंगळवार

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. थोडक्यात: खिडकी बंद केल्यावर त्या उपकरणावर हिस्टरी आणि कुकीज (साइटने ओळखीसाठी ठेवलेल्या छोट्या नोंदी) राहत नाहीत. डाउनलोड केलेल्या फायली आणि बुकमार्क राहतात. इंटरनेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क आणि ती साइट, तिघांनाही भेट दिसते. घरातल्या माणसापासून लपायला ठीक. २०२० मध्ये गूगलवर यावरूनच अमेरिकेत दावा दाखल झाला, आणि २०२४ मध्ये क्रोमने इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावरची सूचना बदलली.

व्हीपीएन, म्हणजे आपली इंटरनेटवरची सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, तिचंही असंच. इंटरनेट कंपनीला दिसायचं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. विश्वास फक्त एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हलवला.

गुरुवार

‘डिलीट केलं म्हणजे गेलं.’ कुठून गेलं?

फाइल डिलीट केली की फाइल सिस्टिम फक्त तिची नोंद काढते आणि ती जागा मोकळी धरते. हार्ड डिस्कवर मूळ माहिती नवीन काही वर लिहिलं जाईपर्यंत तशीच राहते, म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअर चालतं. ‘मग तीनदा वर लिहा’ हा जुना सल्ला एसएसडीला (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) लागू पडत नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तिच्यातला कंट्रोलर प्रत्येक वेळी वेगळ्या सेलमध्ये लिहितो. तुम्ही ज्या जागेवर लिहितोय असं समजता, तिथे तो लिहीतच नाही. तिथे उपाय उलट्या क्रमाचा आहे: डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट ठेवायची आणि देऊन टाकताना किल्ली नष्ट करायची. आजच्या फोनमधला फॅक्टरी रीसेट मुख्यतः हेच करतो. मेमरी कार्ड मात्र आधी आठवणीने काढून घ्यावं, रीसेट त्याला हात लावेलच असं नाही.

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ ही विनंती असते. समोरच्या फोनचं ॲप ती मानतं म्हणून मेसेज दिसेनासा होतो. अँड्रॉइड ११ पासून नोटिफिकेशन हिस्टरीची सोय आहे. ती चालू असेल तर चोवीस तासांतल्या नोटिफिकेशनचा मजकूर तिथे वाचता येतो. स्क्रीनशॉटचं तर बोलायलाच नको.

पुसण्याचा सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे पीडीएफवर काढलेली काळी पट्टी. पट्टी वर बसते, अक्षरं खाली शाबूत. तो भाग निवडून कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा, नाव हजर. एकदा हे स्वतः करून बघितल्याशिवाय लोकांना पटत नाही. खरं रिडॅक्शन करणारं, म्हणजे मजकूर मुळातूनच काढणारं साधन नसेल तर पट्टी मारलेलं पान चित्र म्हणून एक्स्पोर्ट करावं आणि त्याचीच नवी पीडीएफ बनवावी. पट्टी पूर्ण अपारदर्शक हवी. मोबाइलमधल्या हायलायटर पेनने चार वेळा गिरवलेलं नाव ब्राइटनेस वाढवला की वाचता येतं. आणि कापलेलं चित्रही तपासावं: २०२३ मध्ये उघड झालं की पिक्सेल फोनच्या मार्कअप या चित्र-संपादनाच्या साधनात क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलच्या शेवटी मूळ चित्राचा उरलेला डेटा तसाच राहत होता. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तोच दोष सापडला.

शनिवार

‘नावं काढली आहेत, त्यामुळे डेटा निनावी आहे.’ या वाक्यावर मी सहसा थांबतो, कारण ते बोलणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो.

संशोधक लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या अमेरिकी जनगणनेवरून दाखवलं होतं की झिप कोड (तिथला पिनकोड), लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. नाव कुठेच नाही. २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध नावांऐवजी आकडे घालून प्रसिद्ध केले. काही दिवसांतच पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एका वापरकर्तीला गाठलं. नाव गेलं तरी सवयी तिथेच होत्या.

मग कोणी म्हणतं, आम्ही मोबाइल नंबर हॅश करतो, म्हणजे सूत्राने त्याचा ठरावीक लांबीचा सांकेतिक आकडा बनवतो. हॅश उलटवता येत नाही हे खरं, पण इथे उलटवायची गरजच पडत नाही. दहा अंकी नंबर जास्तीत जास्त एक हजार कोटी. सगळ्यांचे हॅश काढून यादी बनवायची आणि जुळवायचे. आजच्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला एसएचए-२५६ या हॅशच्या सूत्रासाठीही हे काम फार तर काही मिनिटांचं. न्यूयॉर्कच्या टॅक्सीफेऱ्यांचा डेटा २०१४ मध्ये असाच उघडा पडला होता: गाडीचे परवाना क्रमांक एमडी५ या हॅशच्या सूत्राने झाकलेले, पण क्रमांकांचे नमुने मोजकेच. गुप्त किल्लीसह हॅश (एचमॅक) केला तर बाहेरच्याला जुळवता येत नाही, पण किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला येतं. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यात याला निनावी नाही, टोपणनावी डेटा म्हणतात; किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी तो वैयक्तिक डेटाच धरतात. हा फरक वादात आणला की समोरचा ‘शब्दांचा कीस पाडू नका’ म्हणतो. पण कोणते नियम लागू होणार, ते या कीसावरच ठरतं.

यादी बाहेर द्यायचीच असेल तर आधी ज्या स्तंभांवरून माणूस ओळखता येईल ते एकत्र धरून गट पाडावेत: वय, लिंग, परिसर, व्यवसाय. एखाद्या गटात एकच ओळ निघाली तर तो माणूस उघडा आहे. जन्मतारखेऐवजी दहा वर्षांचा वयोगट घ्यायचा, परिसर मोठा करायचा, पुन्हा मोजायचं. किमान पाच जण हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा आकडा आहे. तरीही उरलेल्या ओळी सरळ काढून टाकायच्या. एका ओळीने सरासरी फारशी हलत नाही. एवढं करून शेवटी संवेदनशील स्तंभ बघायचा. गटातल्या पाचही जणांपुढे एकच आजार लिहिलेला असेल, तर कोणती ओळ कोणाची हे शोधायची गरजच राहत नाही.