‘आरसा उलटा. ती हसत नाही.’ म्हणजे काय?

‘आरसा उलटा. ती हसत नाही. फार महत्त्वाचं!!!’

अक्षर माझंच, वहीही माझीच. तीन-तीन उद्गारचिन्हं देण्याइतकं त्या रात्री काय सुचलं होतं, ते मात्र आज डोकं आपटलं तरी आठवत नाही.

मी कथा लिहिते, म्हणजे नोकरीतून वेळ उरला की लिहिते. सुचलेलं विसरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी नेम केला, की सुचलं की तिथल्या तिथे टिपायचं. उशाशी वही, मोबाइलच्या पहिल्याच स्क्रीनवर नोंदींचं ॲप, हे सगळं आठवड्याभरात अंगवळणी पडलं. रोज चार-पाच नोंदी व्हायच्या आणि मी स्वतःवर जाम खूश होते.

मग एका रविवारी निवांत कथा लिहायला बसले, वही उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. ‘जिना, पण आजोबांच्या बाजूने.’ ‘पत्राचा वास.’ ‘शेवट तोच, फक्त उलट.’ कुठला शेवट? कशाच्या उलट? निम्म्याहून जास्त नोंदींचा काही म्हणता काही अर्थ लागेना. साफ विसरले असते तर एक वेळ परवडलं असतं. काय गेलं ते कळलंच नसतं. इथे गेलेल्या प्रत्येक गोष्टीची पावती हातात होती.

आळस समजून मी अक्षर सुधारलं. फरक शून्य. मग लिहायचं सोडून मोबाइलला तोंडी सांगायला लागले. त्याने ‘सासू विहिरीशी बोलते’चं ‘सासू बहिणीशी बोलते’ करून ठेवलं. पहिल्यात कथा होती हो! दुसरं तर घरोघरी चालतं. (तोंडीच सांगायचं असेल तर सरळ आवाज रेकॉर्ड करा. मोबाइलकडून टाइप करून घेतलंत, तर लगेच वाचून बघा.)

ऑटो लोवी या शास्त्रज्ञांबद्दल वाचलं तेव्हा जरा धीर आला. मज्जातंतू हृदयापर्यंत निरोप पोहोचवतात तो रसायनामार्फत, हे दाखवणारा बेडकाच्या हृदयांवरचा प्रयोग त्यांना रात्री झोपेत सुचला. उठून त्यांनी कागदाच्या कपट्यावर खरडलं, परत झोपले, आणि सकाळी ते खरडलेलं त्यांचं त्यांनाच लागेना. पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा गडी उठून थेट प्रयोगशाळेत गेला. प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला, १९३६ साली नोबेल मिळालं. माझा आरसा काही दुसऱ्या रात्री परत आला नाही.

घोळ कुठे होता ते कळायला मला आणखी दोन-तीन महिने लागले, आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही. टिपताना सगळं चित्र डोळ्यांसमोर असतं, म्हणून एका शब्दात भागेल असं वाटतं. सकाळी चित्र गेलेलं असतं आणि हातात नुसता शब्द उरतो. आता मी क्रियापद असल्याशिवाय नोंद संपवत नाही. कोण, काय करतंय, आणि मला त्यात गंमत कसली वाटली, एवढं तरी हवंच. पूर्वी ‘कुलूप’ लिहून मोकळी झाले असते, परवाची नोंद अशी आहे: ‘एक माणूस रिकाम्या घराला रोज कुलूप लावतो, आत काहीच नाही हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.’ लिहायला जेमतेम अर्धा मिनिट लागला. ही गंमत वाटण्याची बाजूच मी आधी नेमकी गाळत होते. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत नोंद एकदा वाचायचीच. तोवर थोडंफार आठवत असतं, दोन ओळींची भर घालता येते.

आंघोळीतलं सुचणं वेगळं. तिथे वही नेता येत नाही, म्हणून मी ते वाक्य मोठ्याने घोकत बाहेर येते. वाटेत नवऱ्याने ‘नळ नीट बंद केलास का?’ असं विचारलं की संपलं. १९५९ साली पीटरसन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने एका प्रयोगात लोकांना लक्षात ठेवायला तीन अक्षरं दिली आणि घोकता येऊ नये म्हणून तीन-तीन वजा करत उलटे आकडे म्हणायला लावले. १८ सेकंदांत बहुतेकांची अक्षरं गायब! इथे तर नळाचा प्रश्न. आता मी टॉवेलमध्ये, ओठ हलवत बाहेर पडले की घरात कुणी माझ्याशी बोलत नाही.

अंथरुणात पडल्या पडल्या लिहायचं तर पेन्सिल घ्या. वही वर धरली की बॉलपेन दोन ओळींत रुसतं. वही मात्र एकच ठेवा. मी मध्यंतरी तीन केल्या होत्या, कथांची, संवादांची आणि ‘इतर’. कुठल्या वहीत लिहू या विचारातच कल्पना निसटायची.

आणि हो, तारीख घाला. त्या आरशाच्या पानावर तारीख असती तर त्या दिवशी मी काय वाचत होते, कुणाशी बोलले होते, यावरून काहीतरी धागा लागला असता. मागच्या-पुढच्या पानांवरही नाही. बघितलंय मी.