डबल-एमध्ये अडकलेली पोरं

आउट ऑफ द पार्क बेसबॉल हा बेसबॉल संघ चालवण्याचा कॉम्प्युटर गेम खेळणारे मित्र मला फिरून फिरून एकच विचारतात. "तुमच्या संघात दर दोन-तीन सीझनला मायनर लीगमधून एखादा पोरगा तयार होऊन येतो. आमचे पाच-स्टारवाले डबल-एमध्येच सडतात. तुम्ही करता तरी काय?" (मायनर लीग म्हणजे मेजर लीगमधल्या मोठ्या संघाखालचे शिकाऊ संघ. पायऱ्या खालून वर अशा: रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. पाच स्टार म्हणजे गेमने दिलेलं सगळ्यात वरचं रेटिंग.) विचारणाऱ्याला संशय असतो की एखादं सेटिंग आहे आणि मी ते लपवतोय. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी माझ्या हातून वाया गेलेल्या पोराचं सांगतो.

पहिल्याच सेव्हमधला, म्हणजे साठवून ठेवलेल्या पहिल्या खेळातला, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर). ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, हायस्कूलमधून उचललेला, अठरा वर्षांचा. २० ते ८० च्या मापात स्काउटने (खेळाडू हेरणाऱ्याने) पोटेन्शियल, म्हणजे पुढे किती चांगला होईल याचा अंदाज, ७० दिलेलं. रूकी लीगमध्ये त्याने महिनाभर .३६० ची बॅटिंग सरासरी (शंभरात छत्तीस हिट, म्हणजे फारच चांगली) ठेवली आणि मला धीर निघेना. लगेच सिंगल-ए. तिथे तीन आठवडे बरे गेले, की हाय-ए. एकोणिसाव्या वर्षी डबल-ए. या पायरीवरचे पिचर (चेंडू टाकणारे) ब्रेकिंग बॉल, म्हणजे वळणारा चेंडू, हवा तिथे टाकतात. पोरगा तीनदा बॅट घेऊन उभा राहिला की एकदा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), सरासरी .१९० च्या आसपास. मी म्हटलं, शिकेल. दोन सीझन तिथेच ठेवला. पोटेन्शियल ७० चं ५५ झालं, मग ४५. झेपत नाही अशा पायरीवर या गेममध्ये पोरगा खचतो, आणि फार सोप्या पायरीवर जागच्या जागी राहतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं अशातला भाग नाही. स्टार बघून हात शिवशिवत होते, एवढंच.

तेव्हापासून कोणाला वर पाठवायचं ते महिन्यातून एकदाच ठरवतो. दीडशे वेळा बॅटिंग केल्यावरची सरासरी बरीचशी नशिबावर असते, म्हणून तिच्याकडे बघत नाही. वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला पहिला बेस) किती, स्ट्राइकआउट किती आणि वय किती, हे बघतो. हाय-एमध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा जे आकडे काढतो, तेच चोवीस वर्षांच्याने काढले तर मी मान वर करून बघतही नाही.

पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो एका साध्या गोष्टीने, आणि ती कोणी विचारत नाही. पोरगा रोज खेळतोय का? मित्र मला 'अडकलेला' प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडू) दाखवतात तेव्हा मी आधी त्याचे सामने मोजतो. बऱ्याचदा तो बाकावर असतो. डबल-एच्या संघात सत्तावीस वर्षांचे भरतीचे खेळाडू पडून असतात. कॉम्प्युटरचा मॅनेजर त्यांना खेळवतो, कारण आज ते त्या पोरापेक्षा बरे आहेत. त्याला आजचा सामना जिंकायचा असतो, तुमच्या पाच वर्षांनंतरच्या संघाशी त्याला काय देणंघेणं! मी दर मार्चमध्ये अशांना निर्दयपणे सोडून देतो. एकाच पायरीवर दोन चांगले शॉर्टस्टॉप आले तर एकाला सेकंड बेसवर शिकायला लावतो, नाहीतर खाली पाठवतो. खाली रोज खेळलेला मला वर बसून राहिलेल्यापेक्षा चालतो.

कोचवर खर्च करा, आणि पोराच्या स्वभावात मेहनतीचा रकाना बघा. एवढं सगळेच सांगतात, आणि ते बरोबर आहे.

पिचरचं गणित वेगळं. तिसऱ्या प्रकारचा पिच (चेंडू) आणि दम नसेल तर तो बुलपेनचाच माणूस, म्हणजे सामन्यात नंतर येऊन थोडाच वेळ टाकणारा, मग स्टार कितीही असोत. आणि खांदा-कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही. यात गेम खऱ्या बेसबॉलपेक्षा काही जास्त क्रूर नाही. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क यँकीज संघाने अगदी पहिला निवडलेला पिचर ब्रायन टेलर एका मारामारीत खांदा गमावून बसला आणि मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणून मी एका पिचरवर जीव लावत नाही, आठ-दहा जण पाळतो.

रूल ५ ड्राफ्टची भीतीही उगाच घेतली जाते. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार झालेल्याला पाच सीझनच्या आत मोठ्या संघाच्या ४० जणांच्या रोस्टरवर (यादीत) घ्यावं लागतं, नाहीतर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. सोळाव्या वर्षी घेतलेला परदेशी पोरगा तेव्हा जेमतेम एकवीसचा असतो, म्हणून लोक घाबरून जागा अडवतात. पण उचलणाऱ्याला तो पूर्ण सीझन मोठ्या संघाच्या २६ जणांत ठेवावा लागतो. कच्चा पोरगा एवढा वेळ कोण पोसणार? मी कच्च्यांना खुशाल उघड्यावर ठेवतो. जातात ते ट्रिपल-एमधले जवळजवळ तयार रिलीव्हर (बुलपेनमधून येणारे पिचर). माझा असाच एक गेला, आणि पुढच्या सीझनला त्याने माझ्याच विरुद्ध नववी, म्हणजे शेवटची, इनिंग टाकली.

आणि एक. तुम्हाला माझे वर आलेले दिसतात. त्या शॉर्टस्टॉपनंतरही पहिल्या फेरीतले निम्म्याहून जास्त माझे वाया गेलेत, काही तर मी सगळं नीट करूनही. गेममध्ये टॅलेंट आपोआप वरखाली होण्याचा भाग आहेच. ते पाहून जुना सेव्ह परत लोड करणारेही मला माहीत आहेत. करू देत बापडे.

सध्या माझ्याकडे हाय-एमध्ये वीस वर्षांचा एक कॅचर आहे. वॉक भरपूर, स्ट्राइकआउट कमी, पोटेन्शियल ६५. जून उजाडलाय आणि वर पाठवायचं बटण रोज डोळ्यांसमोर असतं. ऑगस्टपर्यंत तरी त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. मागच्या आठवड्यात दोनदा त्याचं पान उघडून बसलो होतो.