हंगेरीविरुद्ध बांधलेली मोट

म्युनिकचा, म्हणजे १९३८मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश हिटलरला देऊन टाकणाऱ्या कराराचा, विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं: चेकोस्लोव्हाकियाचे फ्रान्स, सोव्हिएत रशिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया इतक्यांशी करार होते, मग १९३८मध्ये एकही मित्र धावून का आला नाही? सगळ्यांनीच दगा दिला का?

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. फ्रान्सने दगा दिला, यात मला शंका नाही. १९२४चा करार होता, १९२५ला लोकार्नोच्या परिषदेत दिलेली हमी होती, तरी पॅरिसने हात झटकले. रशियाच्या १९३५च्या करारात मात्र आधी फ्रान्सने मदत करावी ही अट होतीच. शिवाय रशियाची हद्द चेकोस्लोव्हाकियाला लागत नव्हती. फौज न्यायची तर पोलंड किंवा रुमानियातून.

उरले रुमानिया आणि युगोस्लाव्हिया. १९२०-२१मध्ये या दोघांनी आणि चेकोस्लोव्हाकियाने परस्परांशी करार केले. हीच ती लिटल आंतांत, म्हणजे ‘छोटी दोस्ती’. पहिल्या महायुद्धानंतरच्या ट्रियानॉनच्या तहात हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला आणि त्यातला बराचसा या तिघांच्या पदरात पडला. भाऊबंदकीत ज्यांना जमीन मिळाली त्यांनी एकी करावी, तसा प्रकार. करार होता हंगेरीच्या हल्ल्यापुरता, आणि तेवढ्यापुरता तो चोख चालला. ऑक्टोबर १९२१मध्ये पदच्युत राजा कार्ल गादीसाठी दुसऱ्यांदा हंगेरीत उतरला, तेव्हा प्राग (चेकोस्लोव्हाकिया) आणि बेलग्रेडने (युगोस्लाव्हिया) सैन्य जमवायला घेतलं. महिन्याभरात हंगेरीच्या संसदेने कार्लच्या हाब्सबुर्ग घराण्याचा गादीवरचा हक्क कायद्यानेच काढून घेतला.

पण खरी भीती प्रत्येकाची वेगळी होती. प्रागला जर्मनीची, रुमानियाच्या बुखारेस्टला रशियाची, बेलग्रेडला इटलीची. त्यातल्या एकीबद्दलही करारात अक्षर नव्हतं. चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्रमंत्री आणि पुढे अध्यक्ष झालेले बेनेश यांच्यासारख्या मुरलेल्या मुत्सद्द्याला हे कळत नसेल, असं मला वाटत नाही. त्यांची सगळी भिस्त फ्रान्सवर होती. पुढे १९३७च्या मार्चमध्ये युगोस्लाव्हियाने इटलीशीच करार केला. मग बेलग्रेडने प्रागसाठी हिटलरशी वैर कशाला घ्यावं?

यातली खरी चपराक म्युनिकनंतरची. २ नोव्हेंबर १९३८ला दक्षिण स्लोव्हाकियाचा पट्टा हंगेरीला मिळाला. ज्या हंगेरीला रोखण्यासाठी ही मोट बांधली, तिलाच! पण तो जर्मनी आणि इटलीने व्हिएन्नात दिलेला निवाडा होता. हंगेरीने हल्ला केलाच नव्हता, त्यामुळे कराराचं कलम लागू व्हायचा प्रश्नच आला नाही.