चारशे घरांची तंगी मोजायची तर

ठाण्यात किसननगरच्या चाळीत विचारा किंवा घोडबंदर रोडवर विसाव्या मजल्यावर विचारा, ‘घरखर्च भागतो का?’ या प्रश्नाला उत्तर एकच येतं: ‘चाललंय की.’ ते खोटंही नसतं. चाललेलंच असतं, फक्त कशाच्या जिवावर ते कळत नाही. एका घरात महिनाअखेरीला दूध अर्ध्या लिटरवर आलेलं असतं, दुसऱ्यात पाटल्या गहाण पडलेल्या असतात, तिसऱ्यात याची टोपी त्याच्या डोक्यावर चालू असते. म्हणून एखाद्या प्रभागातली आर्थिक ओढाताण मोजायची तर ‘किती कमावता’ यापेक्षा ‘आधी काय पुढे ढकललंत, मग काय मोडलंत, शेवटी काय कापलंत’ हे विचारावं लागतं.

हप्ता थकला की घर अडचणीत, हे बँकेचं माप. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की कर्ज बुडीत खात्याच्या वाटेला लागतं, त्याआधी ३०-३० दिवसांचे तीन टप्पे. बँकेला ते पुरतं, आपल्याला नाही. नवी मुंबईत दिघ्यात किंवा तुर्भे स्टोअरला बायकांनी एकमेकींच्या हमीवर घेतलेल्या गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता असतो. तो चुकला की बाकीच्या नऊजणी दारात येतात. त्यामुळे भाजी आधी जाते, औषध जातं, क्लासची फी जाते आणि हप्ता सगळ्यात शेवटी. त्या बाईचा क्रेडिट रिपोर्ट स्वच्छ असतो.

देशपातळीवरचे आकडे आहेत, पण ते प्रभागापर्यंत पोहोचत नाहीत. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीनुसार ३० जून २०१८ रोजी शहरी भागातली २२.४ टक्के कुटुंबं कर्जदार होती, आणि सगळ्या शहरी कुटुंबांवर वाटून पाहिलं तर सरासरी कर्ज १,२०,३३६ रुपये. यात विटाव्याचं काय, लोकमान्यनगरचं काय, हे शोधू नये. शिवाय कर्ज असणं म्हणजे तंगी असणं नाही. फ्लॅटचं कर्ज मिळालं याचा अर्थच असा की कुणीतरी पगाराची स्लिप पाहून हो म्हटलं. ज्याला कुणीच कर्ज देत नाही तो या आकड्यात सुखी दिसतो.

घरोघरी सर्वेक्षण करायचं तर पहिली अडचण घरांच्या यादीची. मतदारयादी घेऊ नका. भाडेकरू त्यात बऱ्याचदा नसतात, कित्येकांचं नाव अजून साताऱ्यात किंवा रत्नागिरीत असतं. मालमत्ता कराच्या यादीत मालक असतो, राहणारा नसतो. वीजमीटर मोजले तर एका मीटरवर तीन खोल्या निघतात, आतल्या दोघांना घरमालकाचा सबमीटर. यादी स्वतःच करायची: गल्लीचा नकाशा, दाराला खडूने क्रमांक, प्रत्येक दाराशी एकच प्रश्न, ‘इथे चुली किती?’ एक चूल म्हणजे एक घर. रेशनकार्ड एक आणि चुली दोन हे नेहमीचंच. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीसारख्या जागी वाढवलेल्या घरात खाली आई-वडील, वर मुलगा-सून, आणि एका खोलीत भाडेकरू असं निघू शकतं.

मग नमुना. चारशे घरं घेतली आणि त्यातली ३० टक्के अडचणीत निघाली, तर साध्या हिशेबाने चूक ४.५ टक्के इकडे किंवा तिकडे. पण एका गल्लीतली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून चूक वाढते. किती, ते गल्लीमागे किती घरं घेतली यावर ठरतं. गल्लीतलं साम्य ०.०५ धरलं (० म्हणजे काहीच साम्य नाही, १ म्हणजे सगळी घरं सारखी) तर २० गल्ल्या गुणिले २० घरांत चूक ६.३ टक्क्यांवर जाते, ४० गल्ल्या गुणिले १० घरांत ५.४ वर राहते. मुलाखती तेवढ्याच, पायपीट जास्त. ती करावी. चारशेच्या नमुन्यातून ‘वाॅर्डात २७ टक्के, शेजारच्या वाॅर्डात ३१ टक्के, म्हणजे तिकडे वाईट’ असा निष्कर्ष मात्र कोणी काढला तर त्याच्या हातून कॅल्क्युलेटर काढून घ्यावा.

बंद दारं हा दुसरा खड्डा. सकाळी अकराला फिरलं की कामावर गेलेली घरं सुटतात आणि नमुन्यात निवृत्त लोक, गृहिणी आणि बेकार भरतात. एका दाराला तीन फेऱ्या: एक संध्याकाळी साडेसातनंतर, एक रविवारी सकाळी, एक दुपारी. दुपारची फेरी वाशीच्या भाजी-फळ बाजारात पहाटे काम करणाऱ्यांसाठी, कारण संध्याकाळी ते झोपलेले असतात. टाॅवरमध्ये वाॅचमनच्या पुढे जायला सेक्रेटरीचं पत्र लागतं. ते आणल्याशिवाय तिकडची घरं ‘नकार’ म्हणून नोंदवू नका. नकार त्या घराने दिलेला नसतो, गेटने दिलेला असतो.

तारीख नोंदवायची. पगार साधारण ७ तारखेपर्यंत होतो, त्यामुळे ९ तारखेला विचारलं तर सगळं ठीक आणि २७ ला विचारलं तर सगळं अवघड. सगळ्या मुलाखती १० ते २० च्या दरम्यान घ्या, नाहीतर महिनाभर सारख्या पसरवा. महिनाही महत्त्वाचा: जूनमध्ये फी आणि वह्या-पुस्तकं, गणपतीत गावी जाण्याचा खर्च, दिवाळीला बोनस. जूनची तुलना नोव्हेंबरशी केली तर सुधारणा दिसणारच. जूनची तुलना पुढच्या जूनशी.

धक्का सोसण्याची ताकद मोजणारा एक प्रश्न जगभर वापरला जातो. अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह ४०० डाॅलरच्या अचानक खर्चाबद्दल विचारतं. जागतिक बँकेच्या फिंडेक्स या देशोदेशीच्या आर्थिक पाहणीत दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या विसाव्या हिश्शाइतकी रक्कम ३० दिवसांत उभी करता येईल का, असं विचारतात. ४०० डाॅलरचे रुपये करून विचारू नका, त्याला इथे काही अर्थ नाही. प्रश्न असा: ‘उद्या सकाळी दवाखान्यात दहा हजार भरायचे आहेत. कुठून आणाल?’ आणता येतील का, असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळे ‘आणू की’ म्हणतात. महिन्याला शेकडा दहा व्याजाने आणलेले पैसेही ‘आणू’तच मोडतात. कुठून, हेच माप आहे. खात्यातून, भावाकडून, शेठकडून उचल, सोन्यावर, ॲपवरून, व्याजाने, की जमणारच नाही. पहिलं उत्तर आलं की ‘ते नाही म्हणाले तर?’ हाही प्रश्न विचारायचा. दुसऱ्या उत्तरात खरी परिस्थिती कळते.

कर्जाच्या तक्त्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक कर्जाला एक ओळ: कोणाकडून, हातात किती आले, किती उरलेत, हप्ता किती आणि किती दिवसांनी, गेल्या बारा महिन्यांत कितीदा चुकला, आणि हे कर्ज दुसरं फेडायला घेतलं का. ‘कर्ज आहे का?’ म्हटलं की लोक फक्त बँक सांगतात. म्हणून एकेक नाव घेऊन विचारायचं: पतसंस्था, बचत गट, मायक्रोफायनान्स, गाडीचा किंवा मोबाइलचा हप्ता, क्रेडिट कार्ड, ॲप, सोनं, वाण्याची उधारी, शेठची उचल, नातेवाइकांचे हातउसने, घराचं डिपाॅझिट भरायला घेतलेले पैसे.

भिशी इथे हमखास चुकते. वीसजणांची भिशी, महिना दोन हजार, म्हणजे उचल चाळीस हजार. ज्याने चौथ्या महिन्यात उचलली त्याचे सोळा हप्ते बाकी, म्हणजे ते ३२,००० चं कर्ज. ज्याने अजून उचलली नाही त्याची तीच भिशी बचत आहे. फाॅर्मवर नुसतं ‘भिशी: हो’ लिहिलं तर कर्ज आणि बचत एकाच रकान्यात जातात.

हप्ते महिन्यावर आणताना आठवड्याचा हप्ता चारने गुणतात, ते चूक. वर्षाचे ५२ आठवडे भागिले बारा, म्हणजे ४.३३. नऊशेचा साप्ताहिक हप्ता महिन्याला ३,६०० नाही, ३,९०० होतो. असे तीन गट असले की महिन्याला नऊशे रुपये गायब. पंधरवड्याच्या हप्त्याला २.१७ ने गुणा. व्याजाचा दर लोकांना विचारूच नका. हातात आलेले आणि भरायचे, एवढंच विचारा आणि दर स्वतः काढा. दहा हजार कबूल, हातात नऊ, रोज शंभर रुपये शंभर दिवस: सांगणारा म्हणतो ‘दहा टक्के’. शिल्लक रोज घटत जाते हे धरलं तर वर्षाचा साधा दर ७७ टक्क्यांच्या आसपास निघतो.

सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या किती, हा पुढचा आकडा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून मायक्रोफायनान्ससाठी घरटी वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आणि सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा घातली आहे. ५० टक्क्यांची रेघ वापरा, पण खाली भाडं मिळवून दुसरा आकडाही काढा. हेवी डिपाॅझिटवाल्याचं, म्हणजे एकरकमी मोठं डिपाॅझिट देऊन बिनभाड्याने राहणाऱ्याचं, भाडं शून्य दिसतं आणि त्याचा भार डिपाॅझिटसाठी काढलेल्या कर्जात असतो, म्हणून ती ओळ तक्त्यात हवीच. नाका कामगाराचं उत्पन्न ‘रोज आठशे’ असं लिहून तीसने गुणू नका. गेल्या सात दिवसांत किती दिवस काम मिळालं, ते विचारा.

आता क्रम. ढकललं: भाडं, मेंटेनन्स, वीजबिल, फी. मोडलं: एफडी, सोनं, भिशी बोली लावून लवकर उचलणं, गावची जमीन. कापलं: दूध, भाजी, औषध, क्लास, जेवणाची वेळ. प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला ‘गेल्या ३० दिवसांत, पैसे नव्हते म्हणून’ हे शब्द हवेत. नाहीतर श्रावणातला उपास आणि डाॅक्टरने बंद केलेली साखरही तंगीत मोजली जाते. गॅसचाही एक प्रश्न टाका: १४.२ किलोचा सिलिंडर मागच्या वेळी किती दिवस पुरला, आणि मध्ये पाच किलोचा आणावा लागला का. तिन्ही पायऱ्यांचे गुण मिळवून एक बेरीज करण्याचा मोह आवरा. सोनं गहाण ठेवून मुलाची फी भरलेलं घर आणि मुलाला शाळेतून काढलेलं घर बेरजेत सारखं दिसू शकतं. घर कुठल्या पायरीपर्यंत उतरलं, तेवढंच नोंदवा.

कोण उत्तर देतंय, हे लिहा. गटाचं कर्ज बाईला माहीत असतं, ॲपचं आणि मित्राचं पुरुषाला, आणि बऱ्याचदा एकमेकांना नाही. सासूसमोर सोन्याचा प्रश्न विचारू नये. दोघं असतील तर दोघांना वेगवेगळं विचारावं, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला कळू देऊ नये, नाहीतर सर्वेक्षण संपतं आणि भांडण सुरू होतं. लाजेच्या प्रश्नांसाठी ‘यादीतल्या किती गोष्टी खऱ्या, फक्त आकडा सांगा’ ही पद्धत पुस्तकात छान वाटते: अर्ध्या घरांना लाजेची गोष्ट घालून यादी द्यायची, अर्ध्यांना तिच्याशिवाय, आणि सरासरीतला फरक पाहायचा. पण चारशे घरं दोन भागांत वाटली की तिची चूक २० टक्क्यांच्या घरात जाते. हजारो घरं नसतील तर नादी लागू नका.

तयार नोंदी पूरक म्हणून घ्याव्यात, पुरावा म्हणून नाही. रेशनकार्डाचा रंग कार्ड निघालं त्या वर्षाचं उत्पन्न सांगतो, आजचं नाही. प्राधान्य कुटुंबासाठी शहरातली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. त्या आकड्यात ठाण्यात खोलीचं भाडं सुटत नाही. वीज तोडण्याआधी कायद्याने १५ दिवसांची नोटीस लागते, त्यामुळे तोडलेली जोडणी ही उशिराची खूण आहे. त्यातही कळवा-मुंब्र्यात वितरण टोरंट पाॅवरकडे आणि उरलेल्या शहरात महावितरणकडे, दोघांची वसुलीची पद्धत वेगळी, तेव्हा आकडे शेजारी-शेजारी मांडू नयेत. सोसायटीची मेंटेनन्स थकबाकी मोहक दिसते, पण व्याज लागत असूनही कित्येकजण पार्किंगच्या भांडणापायी पैसे भरत नाहीत.

नावं एका वहीत, उत्तरं दुसऱ्या वहीत, मध्ये फक्त क्रमांक. दहापेक्षा कमी घरांचा आकडा चाळीच्या नावासकट कधीही छापू नका. वसुलीवाल्यालाही वाचता येतं.

दुसरी फेरी वर्षाने करायची असेल तर एक रकाना आजच आखून ठेवा. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. बाराव्या महिन्यात तुम्ही परत जाल तेव्हा काही दारांवर नवीन नाव असेल. तिथे नव्या कुटुंबाची मुलाखत घेऊन जुन्याच्या जागी भरली की प्रभाग सुधारल्यासारखा दिसतो, कारण ज्यांना भाडं झेपलं नाही ते दिव्याला किंवा बदलापूरला गेलेले असतात. गेलेल्या घरांची वेगळी मोजणी करा: कधी गेले, कुठे गेले, डिपाॅझिट परत मिळालं की भाड्यात वळतं झालं. शेवटचं शेजारीण सांगते.