रामकुंडातली फाइल

माझ्या लॅपटॉपात 8 जीबी रॅम आहे आणि त्यातली निम्मी नुसती बसून असते. म्हणून तिचाच एक तुकडा डिस्क म्हणून वापरायचं ठरवलं. लिनक्समध्ये याला टीएमपीएफएस म्हणतात. सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब नावाच्या फाइलीत एक ओळ लिहायची, 2 जीबीची मर्यादा घालायची (नाही घातली तर हे निम्म्या रॅमपर्यंत हातपाय पसरतं), की लॅपटॉप सुरू होताच फोल्डर आपोआप हजर. बरं, 2 जीबी म्हटलं म्हणून तेवढी जागा अडवून बसत नाही. ठेवाल तेवढीच घेतं. हा समंजसपणा मला फार आवडला. ओळ चुकली तर मशीन सुरू होतानाच अडून बसतं, म्हणून आधी 'माउंट -ए' ही त्या फाइलीतल्या ओळी लगेच लागू करून बघणारी आज्ञा चालवून पाहिली आणि मग देवाचं नाव घेऊन रीस्टार्ट.

फोल्डरला नाव काय द्यावं? नाशिकच्या पंचवटीत राहणाऱ्याला रॅम म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! आमच्या गोदावरीतल्या कुंडाचं नाव, 'रामकुंड' ठेवलं.

वेगाचं तर विचारूच नका. आजोबांच्या वहीची स्कॅन केलेली पानं मी त्यात ठेवून साफ करत होतो. बोट उचलायच्या आत पान तयार. बुधवारी दुपारी वीज गेली. बॅटरी म्हातारी, दोन मिनिटंही टिकली नाही. गोदेला (आम्ही तिला गंगाच म्हणतो) पूर येताना पाणी कुठवर चढलं ते दाखवणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून काठावरची दुकानं हलवता तरी येतात. विजेला असा मारुती नाही.

वीज आली. रामकुंड शहाण्यासारखं आपल्या जागेवर उभं. आत शून्य फाइली. रॅमचं असंच, वीज गेली की पाटी कोरी. मूळ स्कॅन डिस्कवर होते म्हणून वाचलो, पण सकाळपासूनची 40 पानं गेली.

"रामकुंडात सोडलेलं परत मिळतं होय रे?" आई म्हणाली. "तिथे अस्थीसुद्धा विरघळतात म्हणतात. आणि रोज रिकामंच व्हायचं तर ते हवंय कशाला?"

"बुधवारचा बाजार नाही का भरत गंगेवर? सकाळी पालं लागतात, रात्री सगळं मोकळं. पुढच्या बुधवारी पुन्हा तिथेच."

आई त्याच बाजाराची पिशवी शोधत होती.

"हो, पण भाजी आपण घरी आणतो ना," ती म्हणाली.