वाघाच्या कातड्यावरची दोन छिद्रे

शिकारी-लेखक जिम कॉर्बेट यांच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'च्या बंगाली अनुवादासाठी सत्यजित राय यांनी केलेल्या मुखपृष्ठावर जंगल नाही, बंदूक रोखलेला शिकारी नाही, जबडा वासलेला वाघही नाही. आहे ते केवळ वाघाचे पट्टेदार कातडे, पुढून मागे सलग गेलेले, जणू पुस्तकच त्यात गुंडाळले आहे. पुढच्या बाजूला गोळी आत शिरल्याचे छिद्र आहे आणि मागच्या बाजूला ती बाहेर पडल्याचे; मागचे छिद्र थोडे मोठे, कारण बाहेर पडणारी गोळी जखम मोठी करते. पुस्तकाची सगळी पाने त्या दोन छिद्रांच्या मध्ये, गोळीच्या वाटेवर येतात. मुखपृष्ठाविषयी मला जे वाटते ते सारे या एका उदाहरणात आहे: ते त्याच पुस्तकाच्या अंगावर बसले पाहिजे, दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर बसता कामा नये.

राय तेव्हा कलकत्त्यात जाहिरात कंपनीत नोकरी करत आणि दिलीपकुमार गुप्त यांच्या सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठे करत. 'पथेर पांचाली'च्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढताना ती कादंबरी त्यांच्या मनात रुजली आणि १९५५ साली तिचा चित्रपट पडद्यावर आला. मजकूर इतका आत मुरल्याशिवाय चांगले मुखपृष्ठ होत नाही, असे मला मनापासून वाटते.

त्या काळच्या छपाईची अडचणही चित्रकाराला शिस्त लावत असे. प्रत्येक रंगाचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, वेगळा आणि कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून काढायचा, त्यामुळे रंग वाढला की खर्च वाढे. मग दोन रंग एकमेकांवर छापून तिसरा मिळवायचा आणि कागदाचा पांढरा हाही एक रंग धरायचा. आपल्याकडे मडगावात जन्मलेल्या चित्रकार दीनानाथ दलालांनी मराठी पुस्तकांना आणि १९४५ पासून 'दीपावली' या नियतकालिकाच्या अंकांना जे रूप दिले, ते पाहताना रंग कुठे थांबवावा याची त्यांची जाण मला पुन्हा पुन्हा थक्क करते.

अक्षरांकडे मात्र आज फार दुर्लक्ष होते. चित्र पूर्ण करून उरलेल्या जागेत संगणकावरचा एखादा फाँट टाकला जातो. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. दोन ओळींचे शीर्षक असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो आणि मग ओळी एकमेकींपासून इतक्या दूर केल्या जातात की शीर्षकाचे दोन तुकडे होतात. हाताने अक्षरे काढणारा कलावंत तो उकार बाजूच्या मोकळ्या जागेत वळवतो. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांसाठी काढलेली अक्षरे पाहिली की अक्षरातच चित्र कसे असते ते कळते. आता पुस्तक प्रथम मोबाइलवर टपाल तिकिटाएवढे दिसते, त्यामुळे अक्षरांवरची ही मेहनत अधिकच गरजेची झाली आहे.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त एसटी कंडक्टरांच्या आठवणींचे मुखपृष्ठ मी केले. हस्तलिखित घाईत चाळले आणि घाटातून वळण घेणारी लाल गाडी रंगवली. पुस्तक छापून आले, सर्वांनी वाखाणले. लेखकांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, घाट मी कधी पाहिलाच नाही. माझं तोंड कायम प्रवाशांकडे."

त्या रात्री मी हस्तलिखित पहिल्या पानापासून वाचले. तिकिटांची पेटी, हातातला पंच, गर्दीतून वाट काढताना दांड्यावर होणारी त्याची टकटक जवळजवळ प्रत्येक प्रकरणात होती आणि ती माझ्या नजरेतून निसटली होती. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी प्रकाशकांकडे मुखपृष्ठ बदलण्याची परवानगी मागितली. आता त्यावर फिकट गुलाबी रंगाचे एकच जुने तिकीट आहे आणि त्याला पंचाने पाडलेले एक गोल छिद्र, ज्यातून आतल्या पानावरच्या शीर्षकाचे पहिले अक्षर दिसते.