यल्लूबाई की यल्लव्वा

मंगळवार, रात्र.

पाऊस आज दिवसभर उघडलाच नाही. चार दिवस दोरीवर असलेल्या कपड्यांना आता कुबट वास यायला लागलाय. बेळगावला पाणी देणारा राकसकोप तलाव भरत आला म्हणून शेजारच्या काकू खूश आहेत, निदान नळाचं रडगाणं थोडे दिवस थांबेल म्हणतात. मी लिहायला बसले ते मात्र दुसऱ्याच कारणानं.

सकाळी शटर वर करतेय तोवर पायरीवर एक आजी बसलेल्या. डोक्यावरून प्लास्टिकची खोळ, मांडीवर पिशवी, पिशवीत पिशवी आणि तिच्यात कागद. "मी पहाटंच निघालो गं पोरी, गाडी भरूनच आली, उभ्यानं आलो." आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. पुण्याच्या वहिनींना याचं भारी हसू येतं. मला मात्र ते ऐकलं की आमच्या आजीच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटतं.

माझं दुकान म्हणजे कचेरीच्या मागच्या बोळातली आठ बाय दहाची खोली. झेरॉक्स, लॅमिनेशन, एक कॉम्प्युटर, आणि खरं भांडवल म्हणजे नुडीवर, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर, चालणारी माझी बोटं. शिकले मराठी शाळेत. कन्नड विषय होता, पण पास होण्यापुरता. खरं कन्नड या खुर्चीत अर्ज लिहून लिहून आलं. त्यामुळे माझ्या कन्नडात 'मान्यरे', म्हणजे अर्जातलं 'महोदय', भरपूर, पण भाजीवालीशी घासाघीस करायची तर अजून जीभ अडखळते. २०२४ मध्ये पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा कायदा झाला तेव्हा बोर्ड नवा करून घेतला. रंगाऱ्यानं टेप लावून माप काढलं. वर कन्नड, खाली मराठी, आणि झेरॉक्स दोन्हीत झेरॉक्सच.

तर आजींचे कागद. मालक वारले, बावीस गुंठे भाताचं रान त्यांच्या नावावर. वारसा नोंद करून पहाणीला, म्हणजे इकडच्या सातबाऱ्याला, आजींचं आणि मुलाचं नाव चढवायचं. अर्ज परत आला होता. कोपऱ्यात पेन्सिलीनं दोनच शब्द, 'हेसरू व्यत्यास'. नावात फरक. आधारवर यल्लूबाई, रेशनकार्डावर यल्लव्वा, वंशावळीच्या दाखल्यावर यल्लव्वा. पासबुकात इंग्रजी, त्यात एक 'एल' गायब.

हे दुखणं माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. सौंदत्तीची यल्लम्मा इकडे घराघरात आहे. तिच्या नावाची मुलगी मराठी घरात यल्लूबाई होते, कन्नड घरात यल्लव्वा. लिहिणाऱ्याच्या कानात जी भाषा, त्या भाषेत नाव कागदावर उतरतं. मुद्दाम कुणी करत नाही. एक्सवाली लक्ष्मी आणि के-एस-एचवाली लक्ष्मी यांची भांडणं तर मी रोज सोडवते. गावाचंच बघा ना. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. घरातल्या कपाटात निम्मे कागद एका नावाचे, निम्मे दुसऱ्या. शहराकडे मात्र दोन्ही नावं एकाचीच म्हणून प्रतिज्ञापत्र कुणी मागितलं नाही.

"वंशावळीचा अर्ज कुणी लिहून दिला होता, आजी?" मी सहज विचारलं.

"हितंच कुठंतरी. एक बाई होती."

मी चमकले. माझ्याकडे गावाप्रमाणे, सालाप्रमाणे फायली असतात. २०२३ चा पावसाळा काढला. तेव्हा गृहलक्ष्मीची, म्हणजे कर्नाटकात बायकांना महिना दोन हजार देणाऱ्या योजनेची, एवढी गर्दी होती की जेवायचा डबा संध्याकाळी उघडायचा. उचगावच्या फोल्डरमध्ये सापडलीच. अर्ज माझाच. समोर रेशनकार्ड ठेवून टाईप केलेला, आधार बघितलंच नव्हतं. नंतरच्या दाखल्यात तेच नाव उतरलं. म्हणजे रेशनकार्डावर आधी कुणी चुकलं असेल ते असो, पण पुढची दोन वर्षं आजींनी घातलेले हेलपाटे माझ्या बोटांनी घातलेले.

सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे आता लिहिताना कळतंय. त्या वेळी पाठीमागे पाच माणसं छत्र्या झटकत उभी होती आणि मी स्क्रीन थोडी आपल्याकडे वळवून घेतली.

प्रतिज्ञापत्र तयार केलं. यल्लूबाई ऊर्फ यल्लव्वा ही एकच व्यक्ती असून वगैरे. मराठीत वाचून दाखवलं तर आजी म्हणाल्या, "एकच की गं मी. दुसरी कुठली?" मागच्या रांगेत हशा पिकला. मीही हसले, पण माझं हसू जरा उशिरा आलं.

शेजारच्या नोटरींकडे अंगठा द्यायचा होता. तिथं वेगळंच. गेले तीन दिवस आजी चिखलात उभं राहून रोप लावत होत्या. बोटं पाण्यानं सुरकुतलेली, पांढरी पडलेली, नखाच्या कडेला चिखलाची काळी रेघ. अंगठा शाईवर टेकवला की कागदावर नुसता जांभळा डाग. रेषच नाही. दोनदा झालं. मग आजींनी अंगठा लुगड्याच्या पदरात गुंडाळून गच्च दाबून धरला, चुलीजवळ हात शेकावा तसा, पाच मिनिटं. तिसऱ्यांदा रेषा आल्या. अर्ध्याच, पण नोटरी म्हणाले चालतंय.

वेळ होता म्हणून चहा मागवला. आजींची लेक चंदगडला दिलेली. "तिला तिकडं लाडकी बहीण, पंधराशे. मला हिकडं दोन हजार. तिच्याकडं जायचं तर बाचीपर्यंत फुकट, फुडं शिनोळीपासनं ष्टीत अर्धं तिकीट." हिशोब कसा चोख! बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. दोन राज्यांच्या ज्या सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, ती आजींनी बसच्या तिकिटावर एका दमात आखून दाखवली.

मी पैसे घेत नव्हते. आजींना ते विचित्र वाटलं. फुकट काम झालं तर ते नीट झालं नाही अशी शंका त्यांना येते बहुतेक. "सकाळची बोहनी हाय, न्हाई म्हणू नगंस," म्हणून दहाची नोट स्टेपलरखाली सारली आणि खोळ डोक्यावर घेऊन गेल्या. दुपारच्या गाडीनं जाऊन उरलेलं रोप संपवायचं होतं.

संध्याकाळी गल्लीतल्या मंडळाची पोरं आली. गणपतीला अजून वेळ आहे, पण पावती पुस्तकाचा मजकूर, मंडपाची परवानगी आणि हेस्कॉमच्या तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज आत्ताच हवा. "ताई, पावती मराठीतच हं," एवढं बजावून गेली. अर्ज कन्नडात टाईप करताना मंडळाचं नाव तीनदा ताडून बघितलं. त्यांना वाटलं ताई आज फारच मन लावून काम करतेय.

शटर ओढायच्या आधी २०२३ ची ती फाईल पुन्हा उघडली आणि यल्लव्वा खोडून यल्लूबाई केलं. त्याचा उपयोग काही नाही, तो कागद केव्हाच गेलाय. दहाची नोट गल्ल्यात टाकायची राहिली, पर्समध्येच आहे. ओली होती, म्हणून आता पंख्याखाली वहीवर पसरून ठेवलीय.